कडी वाजवून थांबू नये

दारात उभं राहून उत्तराची वाट पाहायची माझी जुनी खोड. कडी वाजवायची आणि आतून 'कोण आहे' ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. बीडसारख्या शहरात वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. पण तेलगावहून दिंद्रुडकडे जाताना, रस्त्यापासून आत असलेल्या एका वस्तीवर मी दोन वर्षं काढली, तिथे ही खोड महागात पडली. खरं सांगायचं तर मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी.

मी तेव्हा हायस्कूलवर इंग्रजी शिकवत होते. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष. जनावरं चारा छावणीत गेलेली, त्यामुळे वस्तीच्या तोंडाशी असलेली दूध सोसायटीची खोली रिकामी पडली होती. ती सोसायटीने मला राहायला दिली. कोपऱ्यात दुधाची फॅट काढायचं यंत्र फडक्याखाली झाकून ठेवलं होतं आणि भिंतींना आंबूस वास होता. फिनेल ओतून ओतून मी दमले, पण वास गेला नाही. 'सोसायटी बंद पडली तरी दूध अजून येतंय वाटतं,' असं मी शाळेत थट्टेने म्हणायची. एकटी असले की ही थट्टा मला फारशी आवडत नसे.

आमचा सहकारी साखर कारखानाही बंदच होता. ऊस नाही तर गाळणार काय? पण कारखान्याचा भोंगा मात्र रोज दुपारी चारला वाजायचा. चेअरमनचा हुकूम होता म्हणे, सभासदांना वाटलं पाहिजे की कारखाना जिवंत आहे. चिमणीतून धूर नाही, फाटकात गाडी नाही, आणि चारच्या ठोक्याला तो एवढा मोठा आवाज सगळ्या उघड्याबोडक्या रानावरून येऊन जायचा. नवीन माणूस दचकत असे. आम्हाला सवय झाली होती.

वस्तीवर नऊ घरं. दसरा झाला की मुकादमाचे ट्रॅक्टर यायचे आणि सगळी माणसं, पोरं, कोंबड्या, पातेली घेऊन ऊस तोडायला पश्चिमेकडे निघून जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजदाद. मागे, कडेच्या वेगळ्या झोपडीत, उरायची फक्त एक म्हातारी. तिला सगळे आक्का म्हणत. नऊ घरांच्या किल्ल्या तिच्याकडे असत, एका सुतळीत ओवलेल्या. कुठली किल्ली कुणाची हे ओळखण्यासाठी त्या त्या घरच्या बाईने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी किल्लीला बांधलेली असायची.

भोंगा झाला की आक्का फेरीला निघायची. प्रत्येक दाराशी जायचं, कुलपाशेजारी लोंबणारी कडी तीनदा दारावर आपटायची, 'हाय, राखन हाय' म्हणायचं आणि पुढच्या दाराला लागायचं. नऊ घरं झाली की परत. एकही दिवस खाडा नाही. पहिल्या वर्षी मी तिला हसले होते.

"आक्का, आत कुणी नाही, मग कडी कुणासाठी वाजवता?"

"घरासाठी. त्येला कळाया पायजे, आपल्याला टाकून न्हाई दिलं."

"आणि लगेच पुढे का जाता? जरा दम तरी खा."

"थांबायचं न्हाई बाई. कडी वाजवून थांबलं की घराला वाटतं, आपली मानसं आली. मंग ते वाट बगाया लागतं. वाट बगनारं घर लई वंगाळ."

मी हे गमतीची गोष्ट म्हणून शाळेत सांगितलं. कुणीच हसलं नाही. आमच्या मराठीच्या सरांनी तर विषयच बदलला.

दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, मी दहावीला 'काउंट ऑन' शिकवत होते. वर्गातली निम्मी मुलं चार-पाच दिवसांत उसाला जाणार होती आणि मला ते बाक रिकामे पडायच्या आधी धडा संपवायचा होता. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले.

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, काउंट म्हंजे मोजनं. ऑन म्हंजे वर. मंग वर बसून मोजनं का?"

वर्ग हसला, मीही हसले. मग अर्थ सांगितला : एखाद्यावर भरवसा ठेवणे, ऐनवेळी तो पाठ फिरवणार नाही हे धरून चालणे. अर्थ सांगणं सोपं असतं, वापर सांगताना घाम फुटतो. मी म्हटलं, नुसता विश्वास मनात असतो. इथे तुम्ही त्या माणसावर काहीतरी आधीच बेतलेलं असतं. शेजारी बैल देणार म्हणून तुम्ही पेरणीचा दिवस धरलेला असतो. त्याने बैल दिले नाहीत तर नुसतं मन दुखत नाही, पेरणी हुकते. हे त्यांना चटकन समजलं. एकाने वाक्य केलं, 'वी कॅनॉट काउंट ऑन क्लाउड्स.' दुसऱ्याने केलं, 'चेअरमन काउंट्स ऑन अस.' त्याच्यासाठी मी टाळ्या वाजवल्या.

खिडकीपाशी एक मुलगी बसायची. आमच्याच वस्तीवरची, आईबापाबरोबर तीही उसाला निघाली होती. फार बोलायची नाही. तिने हात वर केला.

"बाई, ज्याच्यावर काउंट ऑन करायचं, त्येला आदी सांगावं लागतं का?"

मला तो प्रश्न इतका आवडला की मी वाहवत गेले. म्हटलं, "नाही. सांगावं लागलं तर तो भरवसा कसला? हे बघा, तुम्ही कुठेही जा. परीक्षेला यायचं ठरवलंत तर बाकीचं मी बघते. यू कॅन काउंट ऑन मी." आणि खडूचा हात छातीवर आपटला. ब्लाउजवर पांढरे ठसे उमटले. बोलायला काय जातं? तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मार्च उजाडला. परीक्षा गुरुवारपासून होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी आक्काचा भाचा तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अंबाजोगाईला घेऊन गेला. जाताना तिने ती किल्ल्यांची सुतळी माझ्या हातात दिली. "दहा-बारा दिसांचा सवाल हाय. चारला जायचं. आन् ध्यानात ठिव, थांबायचं न्हाई." मी हो म्हटलं. मला तो मान वाटला होता, हे कबूल करते.

शनिवारी भोंगा झाला आणि मी निघाले. ऊन एवढं की दारांचे पत्रे बघवत नव्हते. कडी तीनदा, 'राखण आहे', पुढचं दार. पाच घरं ठीक झाली. सहाव्या घराच्या किल्लीला हिरवी चिंधी होती. मी कडी वाजवली, शब्द म्हटले आणि सवयीने उभी राहिले. काही विचार करून नाही. दारात उभं राहतात तशी राहिले.

आतून आवाज आला, "आले."

बाईचा आवाज. हात पिठात असताना बाई देते तसा, घाई नसलेला. कुलूप माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होतं. त्याच्यावर धूळ होती आणि कोळ्याने कुलपापासून चौकटीपर्यंत जाळं विणलेलं होतं. मी उरलेल्या तीन घरांना गेलेच नाही. खोलीत येऊन दार लावलं आणि घागरीतलं पाणी तसंच तोंडाला लावून प्यायले.

रविवारी आणि सोमवारी मी नऊच्या नऊ घरं केली, कुठेही न थांबता. सहाव्या दारापासून तर जवळजवळ पळालेच. मंगळवारी मला माझाच राग आला. एवढी शिकलेली बाई, पोरांना धीट व्हा म्हणून सांगते, आणि बंद घराला भिते? मी मुद्दाम थांबले.

"आले," आतून आवाज आला. आणि लगेच, दबक्या सुरात, "बाई, जाऊ नका. मी हाय."

फटीतून एक डोळा दिसला. खिडकीपाशी बसणारी ती मुलगी होती.

मी मागच्या बाजूने गेले. परसदाराला कुलूप नव्हतं, नुसती तार गुंडाळलेली असायची, ती सोडून ती आत शिरली होती. घर तिच्या मावशीचं. स्वतःच्या घरी गेली नाही, कारण बाप आधी तिथेच शोधणार. तिथल्या अंधारात, चुलीपाशी बसून तिने मला सगळं सांगितलं. मुकादमाच्या भाच्याशी तिचं लग्न ठरलं होतं, येत्या रविवारी, फडावरच. ती पहाटे लघवीला म्हणून उठली ती थेट रस्त्याला लागली. उसाचा ट्रक, मग येष्टी, मग पाय. वस्तीवर पोचली तर आक्काच्या दाराला कुलूप. रस्त्याने माझ्या खोलीकडे यायची तिला भीती वाटली, कुणी पाहिलं तर?

"मंग म्हटलं, बाईनी सांगितलंय, काउंट ऑन मी. चारला कुनीतरी येतंच फेरीला. पन काल तुमी थांबल्याच न्हाईत. हाक माराया तोंड उघडलं तवर तुमी गेलता."

मी तिचा हात धरला. तो गार होता. म्हटलं, "शनिवारी किती घाबरवलंस मला. तेव्हाच बोलायचं नाही का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "शनवारी? शनवारी मी फडात व्हते बाई. मोळ्या बांधत व्हते. हितं आले ती काल सकाळी."

मग शनिवारी कोण बोललं, हे मला आजही माहीत नाही. त्या क्षणी मी तो प्रश्न बाजूला टाकला, कारण समोर जिवंत पोर होती आणि तिला भूक लागली होती. भाकरी, पिठलं, पाण्याची कळशी नेऊन दिली. तिचं हॉल तिकीट शाळेत माझ्या ड्रॉवरमध्येच होतं. ठरलं असं : मी तीनदा कडी वाजवीन, ती 'आले' म्हणेल आणि मग परसदार उघडेल. गुरुवारी सकाळी गाडीवर मागे बसवून तिला तेलगावच्या केंद्रावर न्यायची. तिने मला एकदाही 'नक्की ना?' असं विचारलं नाही. ते मला फार टोचलं.

बुधवारी दुपारी तिचा बाप आला.

मी अर्धा दिवस शाळा करून नुकतीच परतले होते. फडावरून तो तसाच निघाला होता. उसाच्या पात्यांनी हात कापलेले आणि कपडे दोन दिवसांच्या प्रवासाने मळलेले. आक्का नाही म्हटल्यावर त्याने त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे मागितली. जांभळी चिंधी बघून मी ती सोडवून दिली. तो घर बघून आला आणि माझ्या उंबऱ्यावर बसला.

"हिरी बगितल्या समद्या," तो म्हणाला. "पानी न्हाई एकीतबी. पन मराया पानी कशाला लागतं, नुसतं पडलं तरी हुतंय."

मी त्याला तांब्या दिला. तो प्याला नाही.

"तिची माय दोन दिस उपाशी हाय. बाई, तुमी खोटं बोलत न्हाई, हे साऱ्या वस्तीला ठावं हाय. त्या भरवश्यावर आलो. पोरगी जित्ती हाय का, एवढंच सांगा. कुटं हाय ते नगा सांगू."

"आणि सापडली तर तिचं लग्न लावणार. वय काय तिचं?" माझा आवाज चढला होता.

"मंग काय करू? खोपीला दार नसतंय बाई. चटईचा आडोसा. आमी दोगं पहाटं फडात गेलो की तरन्या पोरीला मागं कोन राखनार? तुमी?"

कायदा मला तोंडपाठ होता. त्या दुपारी त्यातलं एक कलम तोंडातून निघालं नाही. समोर बसलेला माणूस दुष्ट नव्हता, थकलेला होता, आणि तो विहिरींत वाकून वाकून आपल्या मुलीचं मढं शोधून आला होता. मला त्याची दया आली. स्वच्छ सांगते, मला त्या मुलीपेक्षा त्या घटकेला त्याची जास्त दया आली.

"जिवंत आहे," मी म्हटलं. "सुखरूप आहे. उद्या तिचा पेपर आहे, तो तरी देऊ द्या."

तो रडला. माझ्या पायाला हात लावू लागला, मी पाय मागे घेतले. मग तांब्यातलं पाणी घटाघटा पिऊन त्याने डोक्याचा पंचा सोडून तोंड पुसलं, आणि 'येतो' म्हणून उठला. मला एकदम हलकं वाटलं. दोन होड्यांवर पाय ठेवून उभी होते मी, आणि वाटलं, जमलं की! कुठे आहे ते सांगितलं नाही, खोटंही बोलले नाही. स्वतःवर खूश होऊन मी चहाचं आधण ठेवलं.

आणि कडी वाजली. दूर, पहिल्या घराची. तीनदा.

अडीच वाजले होते. भोंग्याला अजून दीड तास होता. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. तो थांबला होता. वस्तीवर जन्मलेला माणूस, कडी वाजवून थांबू नये हे आईच्या दुधाबरोबर शिकलेला, तो प्रत्येक दाराशी थांबत होता.

दुसऱ्या घराची कडी. तीनदा. शांतता.

तिसऱ्या घराची.

मी ओरडू शकले असते. धावत जाऊन त्याच्या पुढे उभी राहू शकले असते. फार काय, तिला नावाने हाक मारली असती तरी ती सावध झाली असती. मी चुलीपाशी उभी राहून मोजत होते. पाय हलले नाहीत. आजही लोकांना सांगताना मी म्हणते की भीतीने हलले नाहीत. ते खरं नाही. तिला 'माझ्यावर सोड' म्हणणारी मी, आणि याला 'सुखरूप आहे' म्हणणारी मी, या दोघींपैकी कोण धावणार तेच ठरेना.

पाचव्या घराची कडी. मग सहाव्या.

"आले."

किती मोकळा, आनंदी आवाज होता तो! वेळ झाली नव्हती हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. पण तिच्याकडे घड्याळ नव्हतं, आणि भाकरी घेऊन येणारी मी होते, आणि तो भरवसा तिने माझ्या सांगण्यावरूनच ठेवला होता.

थोड्या वेळाने दोघं माझ्या दारावरून गेली. त्याने तिला मारलं नव्हतं. तिचा दंड धरला होता आणि ऊन लागू नये म्हणून आपला पंचा तिच्या डोक्यावर टाकला होता. मी बाहेर आले. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "मी सांगितलं नाही गं."

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमीच कडी वाजवली बाई."

त्यात तक्रार नव्हती. तिने नुसतं झालं ते सांगितलं. बापाने जांभळ्या चिंधीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ती दोघं सडकेकडे गेली. चहाचं आधण आटून पातेलं करपलं होतं.

चारला भोंगा झाला. राखण माझ्याकडे होती, फेरी टाळता येत नव्हती. आधी मागे जाऊन परसदाराची तार मी स्वतः पिळून घट्ट केली. आत जाऊन पाहिलं होतं, चुलीपाशी माझी रिकामी कळशी होती, बाकी कुणी नाही, काही नाही. मग पहिल्या घरापासून सुरुवात केली. सहाव्या दाराशी कडी वाजवली, 'राखण आहे' म्हणताना जीभ अडखळली, आणि तिथून वळून झपाझप निघाले. सातव्या घराच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा पाठीमागून ऐकू आलं.

"आले."

तिचा नव्हता तो आवाज. शनिवारचा होता. पण यावेळी त्याला घाई होती.

रविवारी फडावर लग्न झालं. हॉल तिकीट पुढे कितीतरी दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. फेरी मात्र मी चुकवली नाही. रोज सहाव्या दाराशी कडी वाजवत होते, कानांवर पदर ओढून पुढे पळत होते, आणि रोज त्या आवाजाची घाई वाढत होती.

आक्का परत आली ती डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. भाच्याने तिला माझ्या खोलीपाशी सोडलं. तिने सुतळी हातात घेतली, बोटांनी नऊही चिंध्या चाचपल्या. मग दिसणारा डोळा माझ्याकडे लावून विचारलं, "कुटं थांबली न्हाईस ना, लेकी?"

"नाही," मी म्हटलं.

मी खोटं बोलत नाही, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. आक्काने समाधानाने मान हलवली. तेवढ्यात भोंगा झाला. मी येते म्हटलं तर तिने ऐकलं नाही, भिंतीला हात लावत एकटीच फेरीला निघाली. मी दूध सोसायटीच्या त्या खोलीत बसून कड्या मोजत राहिले. पाचवी वाजली. सहावी वाजली.

सातवी वाजायला फार वेळ लागला.